विश्लेषण : बैलगाडीच्या मुलखात ‘बार्शी लाइट’ आणणारे एव्हरार्ड कॅलथ्रोप कोण होते?

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. तो पूर्ण झाला की तुळजाभवानीच्या गावात पहिल्यांदाच रेल्वे पोहोचेल. त्यानिमित्ताने जिल्ह्यात एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत येतो. शेजारच्या बार्शीला आगगाडी आली १८९७ मध्ये, लातूरला १९११ मध्ये. मग जिल्ह्याचे ठाणे असलेल्या धाराशिव शहराला एकविसावे शतक उजाडेपर्यंत वाट का पाहावी लागली? याचे उत्तर शोधताना एका इंग्रज इंजिनीअरच्या आयुष्याकडे वळावे लागते. त्यांचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रोप. या भागात ‘बार्शी लाइट’ ठाऊक नाही असा जुना माणूस सापडणार नाही, पण ती आणणाऱ्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

रेल्वे येण्याआधी लोक प्रवास कसा करायचे?

बहुतेक लोक पायी जायचे. वारीला, जत्रेला, बाजाराला, सोयरिकीला जाताना पायच कामी यायचे. थोडी ऐपत असली तर बैलगाडी, घरच्या बायकामुलांसाठी वर आच्छादन घातलेली हलकी दमणी, पाटील-देशमुखांसाठी घोडे, आजारी किंवा वृद्धांसाठी मेणा. मोठ्या रस्त्यावर टांगा मिळे. मालासाठी बैलगाडी होतीच, आणि जिथे गाडीवाट नव्हती तिथे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या लादून डोंगर ओलांडत.

भरलेली बैलगाडी दिवसभरात जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर जाते. उन्हाळ्यात रात्री चालायचे, गाडीखाली कंदील टांगायचा, दिवसा विहिरीजवळच्या झाडाखाली बैल सोडायचे, कडबा टाकायचा, तीन दगडांची चूल मांडायची असा क्रम. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाके आसापर्यंत रुतत. सीना, तेरणा, मांजरा, बोरी या नद्यांना पूर आला की उतारूंना अलीकडच्या तीरावर दोन-दोन दिवस बसून राहावे लागे. म्हणून लांबचा प्रवास दिवाळीनंतर आणि मृगाच्या आत उरकण्याची रीत होती. लग्नसराईही त्याच काळातली, यात नवल नाही.

हा मुलूख व्यापाराला मात्र नवखा नव्हता. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथला माल गाड्यांवरून थेट भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, अशी नोंद सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तेरच्या आसपासचा कापूस मुंबईकडे निघाला, तोही बैलगाडीतूनच. दोन हजार वर्षांत पहिल्या टप्प्याचे वाहन बदलले नव्हते.

बदल झाला होता तो सीमेपलीकडे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जीआयपी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. वाटेत कुर्डुवाडीला स्टेशन झाले, त्याचे नाव ‘बार्शी रोड’. त्या काळी स्टेशनच्या नावात ‘रोड’ आले की समजायचे, गाव अजून लांब आहे. बार्शी तिथून सुमारे ३४ किलोमीटरवर होती. बालाघाटाच्या वरचा आणि खालचा कापूस, गळिताचे धान्य आधी बार्शीच्या पेठेत येई आणि मग गाड्यांच्या लांबच लांब रांगांतून बार्शी रोडला जाई. त्या ३४ किलोमीटरला भरल्या गाडीचे दीड-दोन दिवस जात. कॅलथ्रोप यांची नजर याच तुकड्यावर पडली.

कॅलथ्रोप कोण, आणि इथे कसे आले?

३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायरच्या एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते थोरले. पुढे त्यांचे धाकटे बंधू गाय कॅलथ्रोप इंग्लंडमधील एका बलाढ्य रेल्वे कंपनीचे जनरल मॅनेजर झाले, म्हणजे रेल्वे घरातच होती. एव्हरार्ड यांनी सुरुवात रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाच्या प्रसिद्ध इंजिन कारखान्यात केली, १८७४ पासून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत उमेदवारी केली, नंतर ग्रेट वेस्टर्न रेल्वेत काम केले. १८८२ मध्ये, पंचविशीत, ते जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आले.

मोठ्या रेल्वेची नोकरी चांगली होती. पण मुख्य मार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला मुलूख कोरडाच राहतो आहे, ही गोष्ट त्यांना खटकली. ती दया म्हणून नव्हे, हे स्पष्ट केलेले बरे. कॅलथ्रोप यांच्यातल्या व्यावसायिकाला दिसले की मुख्य मार्गाला माल पुरवणारे छोटे फाटे काढले तर त्यात पैसा आहे. अडचण खर्चाची होती. पाच फूट सहा इंचांचा रुंद मार्ग बार्शीसारख्या गावापर्यंत नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. स्वस्त रेल्वे बांधता आली तरच ती इथे येणार होती.

१८८७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये अशा फाट्यांसाठी एक कंपनी नोंदवली. रेल्वेची नोकरी आणि स्वतःची कंपनी हे दोन्ही एकत्र चालणे कठीणच होते. १८८९ मध्ये त्यांनी जीआयपीची नोकरी सोडली, इंग्लंडला परतले आणि पुढे लिव्हरपूलमध्ये सल्लागार इंजिनीअर म्हणून व्यवसाय थाटला. सरकारदरबारी बार्शीची चर्चा मात्र चालूच राहिली. हा माणूस चिवट असला पाहिजे, कारण करार व्हायला १८९५ साल उजाडले. त्याच वर्षी त्यांनी बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन केली आणि तिचे सल्लागार इंजिनीअर म्हणून स्वतःचीच नेमणूक करून घेतली.

पाच टनांचे गणित काय होते?

कॅलथ्रोप यांचे खरे डोके इथे दिसते. त्यांनी रुळांमधले अंतर ठेवले अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. अरुंद मार्ग हिंदुस्थानात आधीही होते, पण त्यांच्याकडे खेळण्यातली गाडी म्हणूनच पाहिले जाई. कॅलथ्रोप यांनी प्रश्न उलटा मांडला. रूळ किती अरुंद यापेक्षा एकेका आसावर, रेल्वेच्या भाषेत ॲक्सलवर, किती भार पडतो हे महत्त्वाचे.

पालखीचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजते. पालखी जड झाली की भोई वाढवतात. एकेकाच्या खांद्यावरचे वजन तेवढेच राहते आणि पालखीत मात्र जास्त भार बसतो. कॅलथ्रोप यांनी हेच केले. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, असा त्यांचा नियम. वजन वाढले तर चाके वाढवायची. लीड्सच्या किटसन कारखान्याने या मार्गासाठी केलेल्या पहिल्या पाच इंजिनांना म्हणूनच बारा-बारा चाके होती. त्यांतली आठ जोडलेली, ओढण्यासाठी, आणि चार मागचा भार पेलण्यासाठी.

भार एवढा हलका ठेवल्याने यार्डाला तीस पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचा बारीक रूळ पुरला. पूल हलके झाले, भराव कमी लागला, वळणे तीव्र घेता आली. डबे मात्र लहान नव्हते. पोलादी पत्रा दाबून केलेल्या चौकटींचे हे डबे लीड्स फोर्ज कंपनीने तयार केले. हलके असूनही ते स्वतःच्या वजनाच्या मानाने पुष्कळ माल उचलत. हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून कॅलथ्रोप यांनी ही गाडी इंजिनीअर मंडळींना चालवून दाखवली. बार्शीच्या लोकांनी पाहण्याआधी बार्शीची गाडी इंग्रजांनी पाहिली, ती अशी.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन मार्ग सुरू झाला. ते वर्ष कसे होते, हे लक्षात ठेवायला हवे. १८९६-९७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळत होते आणि मुंबई इलाख्यात प्लेग पसरला होता. रेल्वेच्या उतारूंना स्टेशनवर उतरवून डॉक्टरांपुढे उभे करण्याचे ते दिवस. नव्या गाडीचे कौतुक आणि तिची भीती, दोन्ही एकाच वेळी गावात आल्या.

गाडी निजामाच्या हद्दीत कशी शिरली?

बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती. थोडे पुढे गेले की निजामाची हद्द. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि लातूर हा त्याच जिल्ह्यातला तालुका. सीमेवर करोडगिरीचा नाका असे, म्हणजे संस्थानाची जकात. चलनही वेगळे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया यांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार असा असे. बार्शीच्या बाजारात कापूस विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला हिशेब दोन नाण्यांत ठेवावा लागे.

संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, पण ती धाराशिवच्या वाट्याला आलेली नव्हती. वाडी ते सिकंदराबाद मार्ग १८७४ मध्ये झाला, हैदराबाद-मनमाड मार्ग १९०० मध्ये. दोन्ही या जिल्ह्यापासून दूर. त्यामुळे मोठी गंमत होई. धाराशिवच्या माणसाला आपल्याच संस्थानाच्या राजधानीला आगगाडीने जायचे तर आधी इंग्रजांच्या सोलापूरला जायचे, तिथून जीआयपीने वाडीला आणि मग निजामाच्या गाडीत बसायचे.

बार्शी लाइटचा पहिला विस्तार पंढरपूरकडे झाला. १९०६ मध्ये कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग सुरू झाल्यावर वारकऱ्यांची शेवटची पन्नासेक किलोमीटरची पायपीट ऐच्छिक झाली. दुसरा फाटा पूर्वेला, संस्थानात शिरला. बार्शीहून पांगरी, मग बालाघाटाची चढण, रामलिंगच्या झाडीतून येडशी, पुढे कळंब रोड, तडवळे, ढोकी, मुरूड, हरंगूळ आणि १९११ मध्ये लातूर. ‘कळंब रोड’मधला ‘रोड’ वाचकांच्या लक्षात आला असेलच.

पांगरी ते येडशी हा टप्पा पाहिला की पाच टनांच्या नियमाचे महत्त्व कळते. घाटात वळणावळणाने चढत जाणारा रुंद मार्ग बांधायचा तर डोंगर फोडावा लागला असता. अरुंद मार्ग डोंगराच्या कडेकडेने वर गेला. कॅलथ्रोप यांची रेल्वे स्वस्त नसती तर ती या जिल्ह्यात आलीच नसती, हे मान्य करावे लागते.

प्रवास कसा असायचा?

बहुतेक उतारू तिसऱ्या वर्गाचे. लाकडी बाक, उघड्या खिडक्या, डोळ्यांत जाणारे कोळशाचे कण. सोबत वळकटी, फिरकीचा तांब्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या किंवा भाकरी-चटणी. चढावर गाडी इतकी हळू होई की खाली उतरून चालता चालता पुन्हा चढता येते, असे जुनी माणसे हसत सांगत. डब्याच्या टपावर बसून जाणे हे तर बार्शी लाइटचे शेवटपर्यंतचे चित्र. हसण्यावारी नेले तरी त्यात एक तक्रार दडलेली आहे. डबे कमी आणि माणसे जास्त, हे अनेक वर्षे तसेच राहिले.

कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीत बसायचे. माणसांना हे जमे, मालाचे काय? अरुंद डब्यातल्या कापसाच्या गाठी हमालांच्या पाठीवरून रुंद डब्यात जात. रुळांतले अंतर बदलले की माल दोनदा हाताळावा लागतो, ही अरुंद मार्गाची कायमची किंमत. कॅलथ्रोप यांना ती ठाऊक होती. इंग्लंडमध्ये त्यांनीच बांधलेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या मार्गावर, जो १९०४ मध्ये सुरू झाला, त्यांनी अरुंद गाडीवर रुंद मार्गाचा अख्खा डबाच चढवून नेण्याची सोय केली. त्या मार्गावरच्या एका इंजिनाला त्यांचे नाव दिले होते. स्टॅफर्डशायरच्या थंड दऱ्यांत धावणारी ती इंजिने दिसायला मात्र थेट हिंदुस्थानी, पुढे भलामोठा दिवा आणि चालकाला उन्हापासून वाचवणारे छप्पर. बार्शीच्या उन्हासाठी आखलेला नमुना इंग्लंडच्या पावसात भिजत होता.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली, जिचा विचार तिच्या भागधारकांनी बहुधा केला नसेल. तिकीट खिडकीवर पैसे टाकले की तिकीट मिळे. बैलगाडीचे तसे नव्हते. गाडीवानाला आधी जात कळावी लागे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव आणि त्याची भावंडे मसूर स्टेशनपर्यंत आगगाडीने सुखरूप आली, पण पुढे जात कळताच गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे, असे ठरले. ही आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती घटना सातारा जिल्ह्यातली, पण गाडीवाट आणि रेल्वे यांतला हा फरक धाराशिवकडेही वेगळा नव्हता. म्हणून रेल्वेत विटाळ पाळला जात नव्हता असे नाही. पाण्याच्या भांड्यापाशी तो होताच. तरीही डबा सुटला की कुणाला खाली उतरवणे सोपे नव्हते. बाबासाहेबांची महार-मांग वतनदार परिषद फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्या कसबे तडवळ्यात भरली, ते गाव याच मार्गावरचे.

मग धाराशिव का सुटले?

नकाशा पाहिला की कारण दिसते. बालाघाट चढून येडशीला आलेला मार्ग तेरणेच्या खोऱ्याने ईशान्येकडे, लातूरच्या दिशेने वळतो. धाराशिव येडशीच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटर. तिकडे वळायचे म्हणजे जास्त रूळ, जास्त खर्च. आणि मिळणार काय? धाराशिवात कचेऱ्या होत्या, पेठ लातूरला होती. लंडनच्या भागधारकांच्या कंपनीने कापूस आणि गळिताच्या धान्याचा माग काढला, कलेक्टर कचेरीचा नाही. स्वस्त रेल्वेचे तत्त्व इथे धाराशिवच्या विरोधात गेले. तिला आड वाकडे जाणे परवडणारे नव्हते.

धाराशिवच्या माणसाचा प्रवास म्हणून दोन तुकड्यांत राहिला. पहाटे टांगा किंवा बैलगाडीने येडशी, तिथून गाडी. टांगा चुकला की गाडी चुकली. तुळजापूरच्या भाविकांना तर बार्शी लाइटचा थेट उपयोगच नव्हता. ते सोलापूरला उतरत आणि पुढचे सुमारे ४५ किलोमीटर पायी किंवा गाडीने जात. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी गर्दी आजही त्या वाटेवर दिसते, आता मोटारी असूनही.

लातूरचे चित्र वेगळे झाले. गाडी आल्यानंतर सहाच वर्षांत, १९१७ मध्ये, गंजगोलाईची आखीव बाजारपेठ उभी राहिली. लातूरच्या वाढीचे सगळे श्रेय रेल्वेला देणे चूक ठरेल. तिथली पेठ आधीपासून होती आणि व्यापारीही धडपडे होते. पण तालुक्याच्या गावाने जिल्ह्याच्या ठाण्याला मागे टाकावे आणि १९८२ मध्ये स्वतःचा जिल्हा घेऊन वेगळे व्हावे, या प्रवासात येडशीच्या त्या वळणाचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही.

रस्त्याने मोटार येईपर्यंत यात फरक पडला नाही. निजाम सरकारने रेल्वे खात्यामार्फत १९३२ मध्ये बससेवा सुरू केली, तीही सगळ्या संस्थानासाठी अवघ्या २७ गाड्यांनिशी. खेड्यापाड्यातल्या माणसासाठी बैलगाडी पुढची दोन-तीन दशके कायम होती.

कॅलथ्रोप यांचे पुढे काय झाले?

इथून त्यांचे आयुष्य अनपेक्षित वळण घेते. बार्शीच्या यशानंतर त्यांच्या सल्ल्याला मागणी आली. बार्बाडोस बेटावरच्या रेल्वेपर्यंत त्यांचे काम पोहोचले. एसेक्समधील लॉटन येथे त्यांचे मोठे घर होते आणि अरबी घोडे पाळण्याचा शौक होता. घोड्याला मारून नव्हे, विश्वासात घेऊन शिकवावे या मताचे ते होते, आणि त्यावर त्यांनी १९२० मध्ये पुस्तकही काढले.

१२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमानाच्या खेळात चार्ल्स रोल्स यांचे विमान कोसळले आणि ते ठार झाले. रोल्स-रॉइस मोटारीच्या नावातले रोल्स ते हेच. कॅलथ्रोप यांचे ते मित्र होते आणि अपघात त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यानंतर रेल्वेच्या या इंजिनीअरने विमानातून सुखरूप उतरता येईल अशा हवाई छत्रीचा ध्यास घेतला. १९१३ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’. ती विमानाला बांधलेल्या डब्यात घडी करून ठेवलेली असे. माणसाने उडी टाकली की त्याच्याच वजनाने छत्री ओढली जाऊन उघडे. इथेही प्रश्न वजनाचाच होता, फक्त आता ते रुळांवर नव्हे, हवेत तोलायचे होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रज वैमानिक रोज जळत्या विमानांसह खाली पडत होते. कॅलथ्रोप छत्री घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात उभे होते. छत्रीने विमानाचे वजन वाढते, जागा अडते, असे आक्षेप निघाले. छत्री असली तर वैमानिक लढण्याऐवजी उडी मारतील, ही शंकाही होती. शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत गेलेले मेजर ऑर्ड-लीस यांनी १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून या छत्रीने थेम्स नदीवर उडी मारून दाखवली. तरीही लढाऊ वैमानिकांना ती मिळाली नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी मात्र ती वापरली गेली. जर्मन वैमानिक १९१८ मध्ये छत्री बांधून उडू लागले होते. इंग्रजांची मागणी नोंदवली गेली तेव्हा युद्ध संपत आले होते.

१९१९ मध्ये अमेरिकेत लेस्ली आयर्विन यांनी अंगावर बांधायची आणि स्वतः दोरी ओढून उघडायची छत्री यशस्वी करून दाखवली. कॅलथ्रोप यांची रचना मागे पडली. रेल्वेतून कमावलेल्या पैशातला बराचसा त्यांनी या छत्रीपायी घालवला होता. ३० मार्च १९२७ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला आणि बार्शी लाइट लातूर ते मिरज अशी २०२ मैलांची, सुमारे ३२५ किलोमीटरची झाली.

त्यांच्यानंतर बार्शी लाइट?

कंपनी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे खासगीच राहिली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. मधल्या काळात, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, तिच्या वाटेतली निजामाची हद्दही पुसली गेली होती. करोडगिरीचा नाका गेला, हाली सिक्का गेला. अरुंद मार्ग मात्र एकविसावे शतक लागेपर्यंत धावत राहिला. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी रुंद झाला आणि लातूर-कुर्डुवाडी हा टप्पा २००८ पर्यंत.

रुंदीकरणाच्या वेळी अभियंत्यांनी जुनीच वाट तशीच्या तशी घेतली नाही. येडशीहून मार्ग दक्षिणेला वळवला, धाराशिव शहराला नेला आणि तिथून पुन्हा कळंब रोड, ढोकीकडे आणला. १९११ मध्ये जो वळसा परवडला नव्हता, तो शंभर वर्षांना थोडीच वर्षे कमी असताना घातला गेला. आता सोलापूरहून तुळजापूरमार्गे येणारा नवा मार्ग याच धाराशिव स्टेशनात मिळणार आहे.